दुसरी रेघ

मित्रांनो, मी एक जुने क्ष-किरण यंत्र आहे. माणसाच्या जबड्यात दडलेले सत्य उजेडात आणणे, हे माझे जीवनकार्य. त्यासाठी आधी मला एक लाथ घालावी लागत असे, इतकेच.

दातांच्या दवाखान्यात नवे आले तेव्हा माझा थाट होता. रोग्याने माझ्या टेकूवर हनुवटी ठेवायची, मी त्याच्या डोक्याभोवती संथ फेरी मारायची, की सगळ्या बत्तीशीचा सपाट फोटो तयार. डॉक्टरीणबाई मला स्वतः पुसत.

पुढे माझ्या फिल्मच्या पेटीत ओरखडा पडला. प्रत्येक फोटोत वरच्या जबड्यावर एक उभी रेघ उमटू लागली. रोगी धास्तावत. फोटो काढणारी ताई समजूत घाली, "ती तुमची नाही हो, आमच्या मशीनची." पेटी बदलायचे मात्र राहूनच गेले.

एकदा बँडमधले ट्रम्पेटवाले काका आले. वरची दाढ पडली होती, नवी बसवायची होती.

"दाढेवाचून गाल आत जातो, फुंकर टिकत नाही," ते म्हणाले. "वाजवणं सुटलं तर दिवसभर घरात बसेन. बायको म्हणते, त्यापेक्षा ट्रम्पेट परवडला."

वरच्या दाढांच्या डोक्यावर हाडात, नाकात उघडणारी हवेची पोकळी असते. कुणाकुणाच्या पोकळीत मधेच हाडाची पातळ भिंत निघते. काकांच्या निघाली. मी ती इमानेइतबारे टिपली.

ताईने फोटो उजेडाला धरला. "मॅडम, आता दोन रेघा यायला लागल्या. काकांना मोठ्या स्कॅनला पाठवायचं का?"

"मशीनच्या रेघेसाठी? म्हातारं झालंय बिचारं."

इतक्या मायेने माझ्याबद्दल कुणी कधी बोलले नव्हते.

दाढेसाठी हाडात भोक पाडताना त्या भिंतीपाशी पोकळीचे अस्तर फाटले. टाके घातले, ते धरले नाहीत. काका पुन्हा आले, ट्रम्पेट घेऊनच. ओठांना लावला, आणि हवा नाकातून निघून गेली.

"पाणीसुद्धा नाकातून येतं," ते म्हणाले. "नातवंडं हसतात. मीही हसतो, काय करणार."

डॉक्टरीणबाईंनी जुना फोटो उजेडाला धरला, तो बराच वेळ खाली ठेवला नाही.

आता मी जिन्याखाली असते. माझ्या टेकूवर फडकी वाळतात. मित्रांनो, जुन्या वस्तूंची वेळच्या वेळी दुरुस्ती करा. नाहीतर आमचे खरे बोलणेही म्हातारचळात जमा होते.

काकांचे भोक पुढे बुजले, दाढ मात्र बसली नाही. ते आता बँडमध्ये झांजा वाजवतात.