मैनेचं दप्तर

आमच्या मुरुमच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या काउंटरमागं एक काचेचं कपाट आहे. राखीव कपाट. ज्या पुस्तकाची एकच प्रत आहे आणि परीक्षेला तेच लागतं, ते त्यात ठेवतात. घरी न्यायचं नाही. ओळखपत्र द्यायचं, समोरच्या बाकावर बसून वाचायचं, परत करायचं.

माझी आई त्या कपाटात आहे.

एम.ए.ला ओव्यांचं एक पुस्तक लावलंय. त्यातलं एक प्रकरण माझ्या माहेरचं, बेंबळीचं, आणि त्यातल्या बहुतेक ओव्या माझ्या आईच्या. शेवटी बारीक अक्षरात नावही आहे, मथुराबाई. मी शाळेत होते तेव्हा लेखिका मॅडम टेपरेकॉर्डर घेऊन घरी आल्या होत्या. आईला रिकामं गाता येईना. शेवटी मॅडमनीच कोपऱ्यातलं जातं ओढायला लावलं. दाणे न घालताच आई जातं फिरवत बसली, आणि मग तिच्या तोंडून एकेक ओवी सुटली.

आई गेली तेव्हा शिवांजली माझ्या पोटात होती. मला चाल येते, शब्द अर्धेच येतात. लेकीला मांडीवर घेतलं की चाल सुरू होते आणि मधेच ठेच लागते. म्हणून त्या कपाटाकडं धावत जायचे. लेकीला पाजायचं, आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, हवाली करायचं आणि ती उठायच्या आत परत यायचं.

आई माझ्यावर म्हणायची ती ओवी शोधली. सापडली.

*वाटेवरी ऊन पडले कोवळे,*
*मैना गं माझी, दप्तर धरी जवळे.*

आई असं म्हणत नव्हती. आई म्हणायची,

*बेंबळीच्या वाटंवर ऊन पडलं कवळं,*
*करिसमाबाई माझी, दप्तर धरी जवळं.*

माझं नाव करिश्मा. ते ओवीत बसावं म्हणून आईनं त्याला तेवढं वाकवलं होतं. वर्गात रणधीर सरांनी सांगितलं, "मैना हे लेकीचं प्रतीक. परंपरेनं आलेलं." मी वहीत लिहून घेतलं. मैनेला दप्तर कशाला लागतं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

ग्रंथालयातल्या बब्रुवानकाकांना म्हटलं, "काका, बेंबळीच्या प्रकरणाची झेरॉक्स मिळेल का?"

"अभ्यासाला व्हय? मग एक प्रकरण जमतंय. आख्खं पुस्तक न्हाय."

"आईच्या वर्षश्राद्धाला दादा याची लहान पुस्तिका छापायची म्हणतोय. बायांना वाटायला."

काकांनी पुस्तक मिटलं. "ते येगळं, बाई. सोता वाचायला येगळं, छापून वाटायला येगळं. त्याला मॅडमची परवानगी लागती."

"गाणी माझ्या आईची आहेत, काका."

"व्हय की. पर पुस्तक मॅडमचं हाय."

शंभूदादा फोनवर तडकला. "आमच्या आईनं म्हणायचं अन् परवानगी दुसऱ्याची? उद्या भाकरी थापायला बी परवानगी काढ म्हणावं!"

तरी मी नंबर मिळवला. मॅडम आता थकल्यात, पुण्याला लेकाकडं असतात. मी ओळख सांगितली तर हसल्या. "मथुराबाईंची लेक? सारखी टेपचं बटण दाबायला बघायची, तीच ना तू? छाप गं, खुशाल छाप. एक पैसा नको मला. लेखी पाठवते." मग म्हणाल्या, "फक्त जसं छापलंय तसंच घे. एकही शब्द बदलू नकोस. विद्यापीठात लागलेलं पुस्तक आहे."

"मॅडम, त्यात मैना आहे तिथं माझं नाव होतं."

मॅडमचा आवाज खाली आला.

"होतं. पण ओवीत करिश्मा... लोक म्हणाले असते ही अस्सल नाही, आत्ताची आहे. मग मीच मैना केलं. वाईट वाटलं का तुला?"

"कॅसेट आहेत का? नुसती ऐकते. छापत नाही, कुणाला देत नाही."

"जुनं घर गळलं गं एका पावसाळ्यात. खोकंच्या खोकं भिजलं."

लेखी परवानगी आली. दादा म्हणाला, "मैना तर मैना. बायांना काय कळतंय?"

"मला कळतंय ना, दादा."

वर्षश्राद्धाला जेवणं झाली, पानविडे वाटले, बाया घरोघर गेल्या. पुस्तिका छापली नाही.

परीक्षेच्या दिवशी आत्याबाई शिवांजलीला घेऊन कॉलेजच्या गेटबाहेर लिंबाखाली बसल्या होत्या. प्रश्नपत्रिकेत विचारलं होतं, मैना या प्रतीकाचे ओवीतील स्थान उदाहरणासह स्पष्ट करा. उदाहरण म्हणून माझीच ओवी लिहिली. छापलीय तशी. खिडकीतून कुणाच्या तरी लेकराचं रडणं आत आलं आणि पान्हा फुटून माझा पदर ओला झाला. मैना म्हणजे लेक, मैना म्हणजे उडून जाणारी माया, असं पुरवण्या घेऊन लिहिलं. सगळं बरोबर लिहिलं. मार्क मिळतील.

बाहेर आले तर शिवांजली रडून लाल झालेली. लिंबाखाली बसून तिला पदराखाली घेतलं. अभ्यासासाठी मिळालेली त्या प्रकरणाची झेरॉक्स पिशवीतच होती, काढली नाही. चाल आपोआप सुरू झाली. यावेळी ठेच लागली नाही.

*करिसमाबाई माझी, दप्तर धरी जवळं.*

आत्याबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "अगं येडे, लेकीला निजवताना आपलंच नाव कुणी घेतं का?"

आता ते नाव त्या चालीत घेणारं दुसरं कुणी नव्हतं. शिवांजलीचे डोळे मिटत आले होते. मी पुन्हा तेच म्हटलं.