काचेमागची भिंत

भाडेकरू कसा ठेवावा हे विचारायला बजाजनगरमधली अर्धी गल्ली आमच्याकडे येते. आमचे हे, सोमनाथराव, ओट्यावर बसून फुकटचं ज्ञान वाटतात. करार अकराच महिन्यांचा करा, पोलिसांत माहिती द्या, जोडपंच ठेवा, गिझर भाडेकरूलाच आणायला लावा. ऐकणारे माना डोलावतात. मी चहा देते आणि मनातल्या मनात दात-ओठ खाते, कारण गावाला शहाणपण शिकवणाऱ्या या माणसाचं सख्ख्या भावापुढे काडीचं चालत नाही.

भाऊ म्हणजे शिवराज. दोघांनी मिळून प्लॉट घेतला, दोन तुकडे केले, खेटून घरं बांधली. मग आमच्या वरच्या खोलीच्या बाथरूमचा झरोका आपल्या गच्चीकडे उघडतो म्हणून शिवराजने आकाशपाताळ एक केलं. गंगापूरहून भावकी आली, बैठक बसली, आणि झरोका बुजवायचं ठरलं. ह्यांनी दुसऱ्याच दिवशी शिवराजच्या बाजूने विटा लावल्या. आतून उंचावरच्या धुरकट काचेच्या पट्ट्या तशाच ठेवल्या, म्हणजे खोली बघायला येणाऱ्याला वाटावं हवा खेळते.

"अहो, गॅसचा गिझर लागला तिथं तर?" मी म्हणाले.

"दाराखालून येती की हवा. भावकीचा शब्द मोडू काय?" हे खेकसले.

एवढं करूनही भावांचा अबोला सुटला नाहीच.

त्या खोलीत देवेश आणि स्वराली राहायला आले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तो वाळूजच्या कंपनीत पहिल्या पाळीला जायचा, ती घरी शिकवण्या घ्यायची. गोड पोरगी. पोळ्या लाटताना गाणं म्हणायची आणि मी जिन्यात उगीच रेंगाळायचे.

जानेवारीतल्या त्या सकाळी वरून नुसता पाण्याचा आवाज येत होता, थांबेचना. हाका मारल्या, दार बडवलं, शेवटी शेजाऱ्यांनी बाथरूमची कडी तोडली. स्वराली फरशीवर पडली होती आणि गिझर चालूच होता. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. बंद जागेत गॅस कोंडला, म्हणाले. हे ऐकताच आमचे हे तिथून सटकले. मी मात्र कंपनीतून देवेश येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले.

घरी आले तर शिवराजच्या गच्चीवरून ठोकाठोकीचा आवाज. मी वर धावले. एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून विटा काढत होते. शिवराजने तुकडे पोत्यात भरले. ह्यांनी बाथरूममध्ये येऊन काचेच्या पट्ट्यांत स्वरालीची जुनी ओढणी कोंबली. मला किळस आली.

"वहिनी, तुम्ही काय पाह्यलं नाय," शिवराज म्हणाला. "पोरीनं थंडीमुळं फट बुजवली. विषय संपला."

दुपारी देवेश हवालदारांबरोबर आला. ह्यांनी ओढणी दाखवली, वर हळहळलेसुद्धा. देवेश त्या ओढणीकडे बघतच राहिला. मग त्याने भिंतीवर डोकं आपटलं.

"रोज सांगायचो मी तिला, त्या पट्ट्या उघड्या ठेव म्हणून. ऐकलंच नाही. मूर्ख! मूर्ख!"

मेलेल्या पोरीला शिव्या, आणि त्याही तिच्याच नवऱ्याच्या तोंडून! ते मला सहन झालं नाही.

"देवेश, तिनं काय बी कोंबलं नाय," मी म्हणाले. "ह्या काचेमागं भिंत होती. तू दवाखान्यात असताना ह्या दोघांनी फोडली."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. शिवराज जिन्याकडे सरकू लागला, त्याला हवालदारांनी दरडावून उभं केलं.

"घरमालक कोण? नाव सांगा."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. लोकांना सांगायचा ह्यांचा आणखी एक सल्ला असतो: घर बायकोच्या नावावर घ्या, स्टँप ड्यूटी कमी लागते.

"सुलेखा सोमनाथ शेजूळ," मी म्हणाले. "लिवा."