हरळीतल्या खुंट्या

सारजाबाईच्या माहेरचं गाव मुळशीच्या धरणाखाली गेलं तेव्हा ती परकरी पोर होती. आधी खुंट्या आल्या, मग मोजणीची साखळी, मग कागदावर बापाचा अंगठा आणि शेवटी पाणी. म्हणून अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात शेतकी कॉलेजातले जयसिंगराव तिच्या सासरच्या गावी तळ्याच्या काठी हरळीत खुंट्या ठोकताना दिसले, तेव्हा तिची तळपायाची आग मस्तकात गेली. काठाला लागूनच तिचं भाताचं खाचर होतं. नवऱ्यामागं तिच्या पोटाला तेवढंच होतं.

"सायब, हितं काय चाललंय?"

जयसिंगरावांनी हरळीचा झुपका उपटून दाखवला. मुळांवर राळ्याच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. "मावशी, ह्या गाठींत किडा असतो, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. ही जात नवीच असावी. मादीच्या मागच्या अंगाला रेघा असतात, अंगठ्याच्या ठशासारख्या. त्यावरून जात ओळखतात. मी परत येईपर्यंत या गवताला हात लावू नका."

अंगठा म्हटल्यावर सारजाबाईला काय समजायचं ते समजलं. गवत बघायला कुणी पौडपासून तंगडतोड करत येतं होय? आणि न दिसणारा किडा यालाच बरा दिसला.

शेजारच्या खाचरातल्या दिराला, कोंडाजीला, तिनं ते सांगितलं. तो हसला. "वैनी, तुला सावलीचाबी संशव येतो."

"तू हास. उद्या खुंटीमागनं पानी यील, तवा बघू."

खुंट्या तिनं चुलीत घातल्या. पण खुणेचं गवत जागेवरच होतं. दर उन्हाळ्याला गावातली माणसं काठची हरळी मातीसकट खणून आणतात आणि त्या ढेपांनी खाचराचे बांध लिंपतात. मुळं माती धरून ठेवतात, बांध पावसाला दाद देत नाही. सारजाबाईनं तेच केलं. खुणेची सगळी हरळी कुदळीनं काढून आपल्या बांधात बसवली, उरलेल्या ढेपा कोंडाजीला दिल्या. बांध झाला, खूणही मिटली. स्वतःच्या हुशारीवर ती बेहद्द खूश होती.

वळवाच्या सुमाराला जयसिंगराव परत आले. उकरलेला काठ बघून ते तडक सारजाबाईकडं आले.

"हरळी कुठं गेली, मावशी?"

"का वो?"

"जात नवीच निघाली. पण भाताच्या रोपांत सोडून बघितली, तर त्यांच्या मुळांनाही गाठी आल्या. रोपं पिवळी पडून खुरटली. म्हणून ते गवत जाळायला आलोय. मृगाच्या पाण्याबरोबर किडा खाचरांत उतरायच्या आत जाळलं तर निभावेल. कुणी ढेपा बांधाला तर नेल्या नाहीत ना?"

बघ, खाचरात शिरायला वाट काढतोय, सारजाबाईच्या मनात आलं. "न्हाई. म्याच उपटून उन्हात वाळवली नि जाळली. ढोरं तोंड घालत हुती."

"सगळी?"

"समदी."

"मग सुटलो," जयसिंगराव म्हणाले. त्यांनी पिशवी खांद्याला लावली, हात जोडले आणि पौडची वाट धरली.

सारजाबाई बघतच राहिली. राख कुठं टाकली, साक्षीला कोण होतं, सगळी उत्तरं तिनं मनात जुळवून ठेवली होती. त्यानं त्यातलं काहीच विचारलं नाही. तिला आधी त्याचा राग आला. असा कसा हा माणूस, कुणाच्याही शब्दावर चालायला लागतो? मग तिला उमजलं. जमीन घ्यायला आलेला माणूस बाईच्या नुसत्या शब्दावर माघारी जात नाही. तिच्या बापाच्या शब्दावर एकजणही गेला नव्हता. म्हणजे हा खरं बोलत होता, आणि किडाही खरा होता.

तिनं बांधाकडं पाहिलं. वळवाच्या सरीनं हरळीनं चांगलं मूळ धरलं होतं.

"सायब," तिनं हाक मारली. ते थांबेनात, तशी ती पदर खोचून धावली आणि त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. धाप लागली होती, पण वर बघायचा धीर होत नव्हता.

"म्या खोटं बोलले. समदी माज्या बांधात हाय. नि माज्या हातानं दिली ती कोंडाजीच्याबी."