नजातच्या वाट्याचं दूध

तीन महिने मी रोज संध्याकाळी आमच्या नुआकशोत शहरातल्या स्टेडियमभोवती पाच-पाच फेऱ्या मारल्या. पायांचे तुकडे पडले. आणि दवाखान्यात काट्यावर उभी राहिले तर वजन चार किलो वर! डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. त्याही माझ्याइतक्याच दमलेल्या दिसत होत्या.

"टेकबेरबाई, चालता की नुसत्या तिथे जाऊन बसता?"

"चालते हो. चपला बघा माझ्या."

"मग पोटात काय जातंय?"

सांगणार तरी काय?

माझी थोरली बहीण सालका दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाने गेली. आमच्यात 'तो आजार' म्हणतात, नाव घेत नाहीत; नाव घेतलं नाही म्हणून तो काही थांबला नाही. तेव्हाच बाई म्हणाल्या होत्या, "तिला कशाने झाला ते नेमकं सांगता येत नाही. पण पाळी गेल्यावर अंगावर चढलेली चरबी धोका वाढवते. वय आणि रक्ताचं नातं आपल्या हातात नाही. चालणं आणि ताट आहे."

आमच्याकडे बारीक बायको म्हणजे नवऱ्याची नाचक्की. मी चालायला लागले तेव्हा माझा नवरा म्हणाला, "लोक म्हणतील, हा बायकोला उपाशी ठेवतो. जा, कर माझी शोभा!"

सालकाची मुलगी नजात माझ्याकडेच असते. एकोणीस वर्षांची, काठीसारखी. तिचं लग्न ठरलं तशी माझी तूतू मावशी वाळवंटातून येऊन धडकली. लग्नाआधी चाळीस दिवस नवरीला उंटिणीचं दूध पाजून भरायचं, म्हणजे अंगाने जाडजूड करायचं, हे मावशीचं काम. आमच्या वेळी तर लहानपणापासूनच भरायचे; सालकाला नि मला तिनेच भरलं. नको म्हटलं की पायाचं बोट दोन काठ्यांच्या चिमट्यात. माझं अजून वाकडं आहे. जाताना सालका एकच बोलली होती, "नजातला भरू देऊ नकोस."

पण ऐंशीच्या म्हातारीशी भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. वडीलधारीचा कटोरा परत करायचा म्हणजे तिच्या तोंडावर थुंकणं, आणि दूध ओतणं तर पापच. मावशीला आता दिसत नाही. ती दिवसातून दोनदा कटोरा भरायची, नजात तो ओठांना लावून माझ्याकडे सरकवायची, आणि मी प्यायचे. एवढीच माझी अक्कल.

त्या दिवशी दवाखान्यातून येऊन जाजमावर टेकते न टेकते तोच कटोरा समोर. मी उचलला. एक घोट घेतला.

"पी, पी," मावशी म्हणाली. "तुझी थोरलीही असंच करायची."

"काय करायची?"

"डोळे गेले म्हणून कान गेले होय गं माझे? घोट कुणाचा ते कळतं मला. तू सहा वर्षांची, रडून तंबू डोक्यावर घ्यायचीस. ती आधी आपला संपवायची, मग तुझ्या नकळत तुझ्यातला अर्धा. मी पाहून न पाहिल्यासारखं करायचे. कटोरा रिकामा झाल्याशी मतलब."

मला वाटायचं, मी धाकटी म्हणून मावशी मला कमी वाढते. सालकाला मी जन्मभर 'खादाड' म्हणून चिडवलं. तीही हसायची. कधी एका शब्दाने बोलली नाही. मला रडू फुटलं, आवरेना.

डॉक्टरीणबाई म्हणतात, सालकाला तो आजार कशाने झाला ते नेमकं सांगता येत नाही. मलाही नाही येत. मी कटोरा खाली ठेवला.

"मावशी, यापुढे या घरात कुणी कुणाच्या वाट्याचं पिणार नाही. नजात भूक लागेल तेवढं खाईल. मीही."

"आणि एवढं दूध?"

"शेजारणीला सहा लेकरं आहेत. तिला देऊ."

"सासरचे नाकं मुरडतील!"

"मुरडू देत."

मावशी पुटपुटत राहिली. नजातने माझ्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या, स्वतःच्याही घातल्या. जायची मला मुळीच इच्छा नव्हती, पोटऱ्या ठणकत होत्या. तरी गेले.

दुसऱ्या फेरीला तिने विचारलं, "मावशी, आई खरंच खादाड होती का गं?"

"नाही," मी म्हटलं. "तिला दूध आवडायचंच नाही."