इस्त्रीवाल्याचा हात

लाँड्रीत माणसं दोनच, नवरा आणि बायको. ती मागच्या मोरीत दिवसभर गार पाण्यात चादरी पिळायची, तो पुढच्या टेबलावर इस्त्री फिरवायचा. आपल्या तळहाताचा त्याला भारी तोरा. इस्त्रीजवळ हात नुसता धरला की आता रेशीम घ्यायचं की सुती, हे तो सांगायचा, आणि खरंच, त्याच्या हातून कधी कापड जळलं नव्हतं. त्यामुळे घरात कुणाला ताप आहे की नाही, हेही तोच हात ठरवायचा. थर्मामीटर आणावा असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मुलगी दीड महिन्याची. लाडाचं नाव पिटुकली. त्या सकाळी आईनं तिला पाजायला उचललं, तर अंग चांगलंच गरम. ती तशीच पिटुकलीला घेऊन पुढे आली. नवऱ्यानं इस्त्री बाजूला उभी केली, कपाळावर तळवा ठेवला आणि हसला.

"अगं, तुझे हात बर्फ झालेत. तुला भिंतसुद्धा तापलेली लागेल."

तीही हसली. असं आधीही झालं होतं, आणि दरवेळी त्याचंच खरं ठरलं होतं. गार हाताला सगळं गरम लागतं, हे दोघांनाही पाठ होतं. पण इस्त्री धरून तापलेल्या हाताला तापलेलं कपाळही कोमटच लागणार, ही एवढी साधी गोष्ट दिवसभर उष्णतेशी खेळणाऱ्या त्या दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही.

हॉटेलच्या चादरी संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. दुपारी पिटुकलीनं दूध तोंडातच घेतलं नाही. पोट भरलेलं असेल, तो म्हणाला. मग ती झोपली ती झोपलीच. हलवलं की नुसती कण्हायची. शहाण्यासारखी झोपलीय तर उठवतेस कशाला, असंही वर त्यानं ऐकवलं. आईच्या मनात पाल चुकचुकली. पण या घरात त्या हाताचा शब्द शेवटचा होता, आणि ती पुन्हा मोरीत जाऊन बसली. तिथेच तिचं चुकलं.

दिवस कलताना तिनं लंगोट बदलायला घेतला. पाय उचलून सोडला तर तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला. डोळे अर्धवट उघडे, पण बघत कुणाकडेच नव्हते. या वेळी तिनं नवऱ्याला दाखवलं नाही. हाती आलेल्या टॉवेलात पिटुकलीला गुंडाळलं आणि दुकानातून बाहेर पडली. मागून तो चादरींचं काय म्हणून विचारत राहिला.

गल्लीतल्या डॉक्टरांनी थर्मामीटर लावला, पाहिला आणि गाडी बोलावून तिला थेट मोठ्या दवाखान्यात धाडलं. मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. तिथल्या डॉक्टरीण बाई थकलेल्या होत्या, त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आईला वाटलं.

"एवढ्या लहान बाळाला ताप आला की वाट बघायचीच नसते," त्या म्हणाल्या. "जरा अंग गरम लागलं, तरी लगेच आणायचं. दूध प्यायचं बंद करेपर्यंत थांबायचं नाही."

"सकाळी आणलं असतं तर?"

बाईंनी सलाईनच्या सुईवरची पट्टी नीट केली. "लवकर आलेलं बरं असतं," एवढंच म्हणाल्या.

पिटुकली वाचली. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. घरी न्यायच्या दिवशी तर तो वॉर्डातल्या प्रत्येकाला सांगत सुटला, पोरगी मोठी चिवट आहे म्हणून. निघताना बाईंनी बजावलं, या आजारानंतर कान तपासून घ्या. ते आपलं सगळ्यांनाच सांगत असतील, असं तो वाटेत म्हणाला. दोन महिन्यांनी बायकोनंच तपासणीची वेळ घेतली.

तपासणीच्या खोलीत आईनं पिटुकलीला मांडीवर धरलं. ती टक्क जागी होती, आईकडे बघून हसत होती. तपासणाऱ्या बाई पिटुकलीच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी घंटा वाजवली, मग खुळखुळा, मग एक लहानसा ढोल. पिटुकली हसतच होती.

"तिचं लक्ष नाहीये," नवरा म्हणाला. "जरा जोरात वाजवा ना."

बाईंनी ढोल कानाशी आणून वाजवला. भिंतीपलीकडे कुणाचं तरी मूल दचकून रडायला लागलं. पिटुकलीनं आईच्या गळ्यातल्या मण्यांकडे हात नेला.

"अजून जोरात. एकदाच," तो म्हणाला.

"पुरे आता," बायको म्हणाली. "घरी चला."