पंखातली पुरचुंडी

शिवांजलीचं लक्ष सगळीकडं असायचं, आणि तिच्या नवऱ्याला, सोमेशला, नेमकं तेच नकोसं व्हायचं. तीन वर्षांच्या गायत्रीनं सकाळपासून किती घास खाल्ले, पाण्याच्या पिंपावर झाकण आहे का, गॅस नीट बंद झाला का... बी.एस्सी. झालेली ही बाई दिवसभर असलीच परीक्षा देत असायची. "तुझ्या भीतीला एखाद्या दिवशी रजा देत जा," सोमेश म्हणायचा. पण धाराशिवच्या धावपट्टीशेजारी पत्र्याच्या हँगरमध्ये जे विमान उभं होतं, ते बघून कुणीही दोन पावलं मागं सरकलं असतं.

दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना शिकवायला वापरलेलं ते टायगर मॉथ. एकावर एक दोन पंख, लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड आणि एकामागं एक दोन उघड्या बैठका. पुण्याच्या एका हौशी मालकानं ते कुठल्याशा गोदामातून खोक्यांत भरून आणलं आणि सास्तूरच्या बलभीम सरांच्या हवाली केलं. सर हवाई दलातून निवृत्त झालेले. त्यांनी आणि सोमेशनं दोन वर्षं खपून त्याचा सांधा न् सांधा जुळवला होता. सोमवारी सकाळी ते उडणार होतं. मागच्या बैठकीत सर, पुढच्या बैठकीत सोमेश. सरांचा दंडकच होता तसा : ज्यानं दुरुस्त केलं, त्यानं आधी बसायचं. मग हात आपोआप नीट चालतो.

मध्यंतरी पंखांपाशी काम अडलं होतं. कापड लाकडी फासळ्यांना हातानंच टाचावं लागतं, मेण लावलेल्या दोऱ्यानं, ठरल्या अंतरावर गाठ मारत. असं शिवणारं माणूस मिळेना. शेवटी सोमेश मुरुमहून आपल्या आईलाच, अव्वाला, घेऊन आला. पार्वतम्मांच्या कौद्या, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या वाकळी, साऱ्या मुरुममध्ये नावाजलेल्या.

"अव्वा, हे उडायचंय बरं का," सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"उडू द्या की. माझी कौदी रातभर पोरांच्या लाथा खाती, तरी टाका उसवत न्हाय."

पंख उभा करून ठेवलेला असायचा. एका बाजूला पार्वतम्मा, दुसऱ्या बाजूला शिवांजली. सासूनं दाभण आत खुपसायचं, सुनेनं ओढून परत पाठवायचं. मध्ये कापड, एकीचं तोंड दुसरीला दिसायचं नाही. लग्नाच्या चार वर्षांत झालं नव्हतं एवढं बोलणं त्या दोघींत त्या दोन महिन्यांत झालं. मग कापडावर उग्र वासाचं रोगण चढलं, ते वाळून कापड हलगीच्या कातड्यासारखं ताठ झालं, वर पिवळा रंग लागला. तो वास असेपर्यंत शिवांजलीनं गायत्रीला हँगरची पायरीसुद्धा चढू दिली नाही.

रविवारी दुपारी ती हँगरशेजारच्या खोलीत पोरीला भरवत बसली होती. भाकरी-दुधाचा चौथा घास गायत्रीनं हातानं ढकलला.

"मला नको. इमानाला दे."

"विमान जेवत नाही बाळा."

"जेवतं. अज्जीनं दिली की. पोटात."

दुसरी एखादी आई हसली असती. पण गायत्री बाहुलीच्या लग्नापासून वाघापर्यंत कशाबद्दलही थापा मारायची, खाण्याच्या बाबतीत मात्र कधीच नाही. आणि शिवांजलीला आठवलं : दहा दिवसांमागं, शेवटच्या पंखाचं तोंड शिवून झालं त्या दिवशी, डब्यात एक भाकरी कमी भरली होती. पोरीनं खाल्ली असेल म्हणून ती केवढी खूश झाली होती!

ती तशीच उठून बाहेर आली. पार्वतम्मा पायरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"अव्वा, पंखात काही ठेवलंत का तुम्ही?"

शेंग फुटायची थांबली. "ठेवतेतच की. कौदीचं शेवटचं तोंड शिवताना आत भाकरीचा तुकडा आन् चार जोंधळे घालावं लागतेत. उपाशी पांघरूण ऊब देत न्हाय. माझ्या सासूची शिकवण हाय ही."

"पण हे पांघरूण नाही ना, अव्वा!"

"म्हणून तर गूळ बी घातला."

शिवांजलीला रडावं की हसावं कळेना. पार्वतम्मांनी सूप बाजूला सारलं. आवाज एकदम उतरला. "लेक बसणार हाय माझा त्यात. तुला एकटीलाच भ्या वाटतं व्हय?"

शिवांजली त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली. या बाईला कशाचीच भीती वाटत नाही, असं ती चार वर्षं धरून चालली होती. तिनं हळूहळू समजावून सांगितलं. खालच्या डाव्या आणि उजव्या पंखात एकेक दातेरी चाक असतं, त्यावर साखळी असते. ती फिरली की पंखामागची झडप वर-खाली होते आणि विमान कलतं. त्यात एखादा दाणा अडकला, तर कललेलं विमान सरळ होणार नाही.

"ते चाक फिरतंय?" पार्वतम्मांनी विचारलं. "म्या बघितलं तवा गप पडून होतं गं."

आता सांगायचं कसं? महिनाभरात शिवांजलीनं तीनदा आरडाओरड केली होती. एकदा तर इंजिनाखाली तेलाचे थेंब बघून. त्यावर सर म्हणाले होते, "पोरी, ह्या इंजिनाखाली तेल दिसलं न्हाय तरच घाबरायचं." सगळे हसले होते, सोमेश सगळ्यांत मोठ्यानं. शनिवारी तपासणी अधिकारी विमान पास करून गेला होता. उद्या मालक पाहुणे घेऊन येणार होता. आणि ही चौथी वेळ.

"म्या सांगते," म्हणत पार्वतम्मा उठल्या, चप्पल घालून चार पावलं गेल्या आणि थांबल्या. "तू बी चल. मला त्या चाकाचं काय बोलता यायचं न्हाय."

सोमेशनं ऐकून घेतलं, बैठकीतला दांडा डावीकडं-उजवीकडं हलवला. दोन्ही झडपा लोण्यासारख्या हलल्या. "बघ, कुठं अडकतंय? शिवा, झालं का परत सुरू तुझं?"

"तिचं न्हाय, माझं हाय," पार्वतम्मा म्हणाल्या. "पुरचुंडी म्या ठेवलीय."

मग बलभीम सरांनी विचारलं, "कुठल्या पंखात, अव्वा?"

पार्वतम्मांनी खालच्या डाव्या पंखाकडं बघितलं, उजव्या पंखाकडं बघितलं. शिवताना उभे होते, आता आडवे. तेव्हा पांढरे होते, आता पिवळे. "दोन्ही सारखेच दिसतेत की हो साहेब."

"दोन्ही फाडायचे म्हणजे आठवडा गेला!" सोमेशनं कपाळाला हात लावला. "अव्वा, अगं काय केलंस हे!"

तोवर शिवांजली वाकून पंखाखाली शिरली होती. पोरीच्या अंथरुणाजवळ, दुधाच्या भांड्याजवळ रोज जे शोधायची, तेच ती इथं शोधत होती. आत साचलेलं पाणी निथळावं म्हणून पंखाच्या मागच्या कडेला बारीक भोकं ठेवलेली असतात. विमानाच्या चाकावरून निघालेली मुंग्यांची रांग वर चढून, पंखाखालून चालत त्यातल्याच एका भोकात शिरत होती.

"डावा," ती म्हणाली. "तिसरं भोक."

सरांनी पात्यानं कापडाला तीन बाजूंनी चीर दिली. गुळाचा वास आला. जुन्या लुगड्याच्या चिंधीची गाठ सुटली होती, जोंधळे पसरले होते. सरांनी टॉर्च धरून चाक बोटानं सावकाश फिरवलं. निम्म्यापर्यंत ते सहज फिरलं. मग साखळीतून एक दाणा हळूहळू वर आला, दात्यापाशी पोचला, आणि चाक थांबलं.

"आत्ता तू दांडा अर्धाच हलवलास," सर सोमेशला म्हणाले. "वर वाऱ्यानं कलंडवलं असतं, तर पुरा हलवावा लागला असता."

सोमेश अवजारांच्या पेटीवर बसला. मग त्यानं बायकोकडं बघितलं.

"साहेब, मला मुरुमच्या गाडीत बसवून द्या," पार्वतम्मा पदरात तोंड घालून म्हणाल्या. "माझ्या हाताला आता काम नको."

"आन् हा पंख कोण शिवणार, मी?" सरांनी चिमटीनं दाणा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. "अव्वा, इमानाचं पोट म्हणजे आत बसणारी माणसं. ह्याच्यापुढं भाकरी आमालाच घाला. गुळासकट."

मग त्यांनी मालकाला फोन लावला. "चार-पाच दिवस लागतील साहेब... न्हाय, इंजिन ठणठणीत हाय... मुंग्या झाल्यात... व्हय, मुंग्याच."

पंख पुसला, झाडला, पुन्हा टाचला. अधिकारी पुन्हा येऊन आत हात घालून बघून गेला, आणि मगच कापडावर ठिगळ बसलं. शुक्रवारी सकाळी वारा पडला होता. पाहुणे दोरीपलीकडं उभे होते. सोमेश टोपीचा पट्टा आवळत विमानाकडं निघाला आणि मध्येच वळून शिवांजलीपाशी आला.

"बसू का?"

तो चेष्टा करतोय का, हे तिनं त्याच्या डोळ्यांत बघून घेतलं. तो चेष्टा करत नव्हता. तिनं गायत्रीला त्याच्या कडेवर दिलं आणि विमानाला एक पुरा फेरा घातला. दोन्ही पंखांखाली वाकली. सरांना दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावला, एकदा, दोनदा. सरांनी निमूट फिरवला. मग तिनं पोरीला परत घेतलं.

"बस," ती म्हणाली.

इंजिन धडधडलं तशी पार्वतम्मांनी धावपट्टीकडं पाठ फिरवली. "म्या न्हाय बघत. तू सांग."

"पळतंय... शेपूट उचललं."

"आन् आता?"

"चाकं सुटली, अव्वा. वर गेलं."

"किती वर?"

"त्या लिंबाच्या दुप्पट... आता त्याहून वर." शिवांजलीनं गायत्रीला घट्ट धरलं. "वळतंय आता. डावा पंख खाली जातोय."

"किती खाली?"

पंख कलत होता, अजून कलत होता. पार्वतम्मांचा हात मागं येऊन तिचा पदर चाचपत होता.

"सरळ झालं का गं?"

"होतंय... होतंय. झालं. सरळ झालं."

पार्वतम्मांनी श्वास सोडला. पाठ तशीच ठेवून त्यांनी विचारलं, "हात दाखवतोय का त्यो?"

दाखवतोय म्हणायला काय जात होतं! पण शिवांजलीनं डोळे बारीक करून नीट बघितलं. "एवढ्या लांबून दिसत नाही, अव्वा."

"मग बघत ऱ्हा," पार्वतम्मा म्हणाल्या. "खाली येस्तोवर नजर हलवू नगं."