ओनेझिमला आत न्यायचं होतं

ओनेझिम जानेवारीत गेला आणि मे उजाडला तरी त्याला माती मिळाली नव्हती. आमच्याकडे हिवाळ्यात जमीन दगड होते, कुदळ मारली तर उसळून परत येते. म्हणून थंडीत गेलेली माणसं चर्चमागच्या दगडी कोठीत ठेवतात आणि बर्फ गेल्यावर पुरतात. त्यात नवल काही नाही. पण त्या वर्षी बर्फ गेलं, नदी वाहायला लागली, कोठीतल्या बाकीच्यांची दफनं उरकली आणि ओनेझिमची पेटी तेवढी तिथंच राहिली. त्याची मुलगी लहानपणीच गेली होती. त्याला तिच्याशेजारीच पुरायचं होतं, आणि ती जिथं पुरलेली ती जुनी दफनभूमी कागदाच्या गिरणीच्या कुंपणाआत. आत जायला एकच गेट, आणि त्या गेटवर आम्ही अकरा महिने संपाची रांग धरून उभे होतो.

मी क्लोदेट. सकाळच्या वेळी रांगेची प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, तर पिंपातल्या शेकोटीत लाकडं सारायची, कॉफी वाटायची, आणि कुणी तापट पोरगा आत जाणाऱ्या ट्रकवर दगड भिरकावायला निघाला की त्याची कॉलर धरायची. पाय सुजलेले, घसा बसलेला. कुणी नुसतं "कशी आहेस?" विचारलं तरी अंगावर धावून जावंसं वाटायचं.

संपाची रांग ओलांडायची नाही, हे आमच्या गावात पोरं चालायच्या आधी शिकतात. टपालवाला गिरणीची पत्रं रस्त्यावरूनच परत न्यायचा. पाद्रीबाबासुद्धा गेटाबाहेरून हात वर करून आशीर्वाद द्यायचे. आणि ओनेझिमचं तर विचारूच नका. युनियनचं नाव काढलं तर डोक्यावरचं छप्पर जायचं, त्या काळात त्याच्या बापाने चर्चच्या तळघरात शपथा घेऊन आमची शाखा काढलेली. पुढे ओनेझिम तिचा अध्यक्ष झाला. मागच्या संपात त्याचा सख्खा धाकटा भाऊ अल्सीड रांग ओलांडून कामावर गेला. बायको इस्पितळात होती त्याची, सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ओनेझिम भरसभेत उठला आणि म्हणाला, "रांग ओलांडली तो माझा भाऊ नाही."

युनियनमध्ये आम्ही सगळेच एकमेकांना बंधू नि भगिनी म्हणतो. त्या दिवसापासून अल्सीड कुणाचाच बंधू राहिला नाही. दोघांची घरं समोरासमोर, पण ओनेझिम मरेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. हट्ट म्हणजे किती असावा माणसाचा!

आणि तो गेलाही रांगेतच. फलक खांद्यावर होता, तसाच खाली बसला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. म्हटलं, आता काहीतरी मोठं बोलेल. तर म्हणाला, "कॉफी संपली का गं?" मग बोललाच नाही.

आता अशा माणसाची पेटी रांग ओलांडून न्यायची कशी? गिरणीच्या मॅनेजरने निरोप धाडला, दफनासाठी गेट केव्हाही उघडं आहे, मेलेल्याला कोण अडवतो? म्हटलं, आम्ही अडवतो ना! पेटी उचलणारे आमचेच, संपावरचे, आणि त्यांतला एकही आत पाऊल टाकायचा नाही. कुणी सुचवलं, तासभर रांग उठवू. पण कंपनीचा फोटोवाला त्याचीच वाट बघत छपरावर बसलेला. गेट मोकळं दिसलं की दुसऱ्या दिवशी पेपरात, संप मोडला.

ओनेझिमच्या बायकोनेच तो विषय मिटवला. एर्नेस्टीन कागद कापायच्या खात्यात माझ्या शेजारच्याच मशीनवर होती, म्हणजे संपावर तीही. म्हणाली, "तासाभरासाठी उठवली तर ती रांग कसली? संप मिटेपर्यंत थांबेल तो. त्याला कुठं जायचंय?" डोळ्यात टिपूस नाही. पण रोज रांगेतून सुटली की कोठीच्या दाराशी जाऊन बसायची. एकदा मी तिला घरी न्यायला गेले, तर म्हणाली, "त्याला थंडी सोसायची नाही गं. उन्हाळ्यातसुद्धा लोकरीचे मोजे घालून झोपायचा." मी तिच्याशेजारी बसून राहिले.

मग एका सकाळी अल्सीड आला. रस्त्यापलीकडेच उभा राहिला, टोपी हातात.

"एर्नेस्टीन, मी नेतो त्याला. माझ्या गाडीतून. माझं तोंड आधीच काळं झालंय, आता आणखी काय व्हायचंय? तुमच्यातल्या कुणाला आत यायला नको."

एर्नेस्टीनने शेकोटीवर धरलेले हात काढलेसुद्धा नाहीत.

"जिवंतपणी तुझ्या घरचं पाणी प्यायला नाही, आणि मेल्यावर तुझ्या गाडीतून जाईल होय? घरी जा, अल्सीड."

गेला बिचारा, पाय ओढत. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

त्याच आठवड्यात मुख्यालयातून ब्रॅडशॉ आला. गावातली ती शाखा आणि सगळ्या शाखांच्या वर मुख्यालय, अशी आमची रचना. संपात महिन्याचा शिधा यायचा तो तिकडूनच. सभागृहात सगळे जमले. ब्रॅडशॉचा शर्ट चुरगळलेला, डोळे आत गेलेले. अशी सभा घ्यायचं त्या वर्षातलं हे काही त्याचं पहिलं गाव नव्हतं.

"बंधूंनो, भगिनींनो," तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात संपाला वर्ष होईल. वर्ष झालं की आत जे बदली कामगार घेतलेत ते मतदान मागू शकतात, युनियन ठेवायची की काढायची. आणि त्यात संपावरच्यांना मत नाही. कायदाच तसा आहे."

"म्हणजे आमची युनियन राहायची की नाही, ते संपफोडे ठरवणार?" कुणीतरी ओरडलं.

"हो. त्याआधी आपणच संप मागे घेतला, बिनशर्त, तर निदान तुमची नावं यादीत राहतील. आत जागा रिकामी झाली की क्रमाने बोलावतील."

"आणि जागा रिकामी झालीच नाही तर?"

ब्रॅडशॉ पाणी प्यायला.

"मग हरलो म्हणा ना सरळ!" मीच उठले. "एवढ्या लांबून आलात, एक शब्द बोलायला जड जातोय का?"

"हरलो, भगिनी," तो म्हणाला. मी खाली बसले.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "चला, निदान ओनेझिमला तरी माती मिळेल."

बऱ्याच माना हलल्या. खरं सांगते, सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. पळवाट सापडली होती ना! आणि एर्नेस्टीन ताडकन उठली.

"खबरदार! त्याच्या पेटीआड लपून मत टाकाल तर! दमला असाल तर दमलो म्हणून टाका, त्यात लाज नाही. पण माझ्या नवऱ्याला पुढे करू नका. मी संप चालू ठेवा म्हणूनच टाकणार. तो राहील कोठीत."

चिठ्ठ्या कॉफीच्या डब्यात पडल्या. मोजणाऱ्याने निकाल वाचला. संप मिटला होता. पायऱ्या उतरताना एर्नेस्टीनने मला गाठलं.

"तू काय टाकलंस?"

"मागे घ्या म्हणून."

"त्याच्यासाठी?"

"नाही गं. माझ्या पायांसाठी. नाही होत आता माझ्याच्याने."

मला वाटलं, आता ही माझंही नाव टाकणार. तिने माझा दंड धरला. "बरं झालं, खरं बोललीस," म्हणाली, आणि आम्ही दोघी एकमेकींना धरून खाली उतरलो.

शनिवारी दफन होतं. गाडी रस्त्यातच थांबवली. ओनेझिम या गेटातून जन्मभर पायी आत गेलेला, पायीच नेऊ म्हणाले. पेटी उचलून माणसं निघाली. गेट सताड उघडं. आमचं पिंप तिथंच, राखेत पाणी साचलेलं. रांग नाही, फलक नाही. छपरावर फोटोवाला नाही. त्याला तरी आता कशाला यायचंय! खिडक्यांतून बदलीवाली पोरं बघत होती, चौकीदाराने टोपी काढली.

आणि जिथं आम्ही उभे राहायचो तिथं आल्यावर पेटीवाले थांबले. कुणी थांबा म्हटलं नव्हतं. पाय उचलेनात त्यांचे. कड्या धरलेल्या हातांच्या शिरा टरारल्या, पेटी हलायला लागली, तरी कुणी पुढे सरकेना. माझेही पाय तिथंच रुतले.

"क्लोदेट," एर्नेस्टीन म्हणाली, "प्रमुख तू आहेस. तूच सांग त्यांना."

अकरा महिने त्या जागेवर मी एकच ओरडत होते, थांबा, मागे व्हा. आता उलटं सांगायचं होतं. दोनदा खाकरले. "चला रे बाबांनो," म्हटलं. "चला आत." आणि मला रडू फुटलं. सगळ्यांदेखत, हमसून हमसून.

पेटी हलणार, तोच एर्नेस्टीन मागे वळली. रस्त्यापलीकडे अल्सीड उभा होता, टोपी हातात, मान खाली.

"भावोजी!" तिने हाक मारली. ही हाक गावाने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. "या. कडी धरा."

"मी कसा गं?" म्हाताऱ्याने टोपी छातीशी धरली. "त्याला चाललं नसतं..."

"नसतंच चाललं," ती म्हणाली. "पण आज आम्ही सगळेच आत चाललोय. या."

तो रस्ता ओलांडून आला. पुढच्या माणसाने आपली कडी त्याच्या हातात दिली आणि बाजूला झाला. मग आम्ही ओनेझिमला आत नेलं.